म्हातारा बेंचकडे बघायचाच नाही

सिरॅक्यूज विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कोच जिम बेहाइम, त्याने केडरी रिचमंड या आपल्या खेळाडूला दर सामन्यात अजून दहा मिनिटं तरी खेळायला द्यायला हवी होती. हे मी २०२१ पासून इतक्या लोकांना ऐकवलंय की पाहुणे आले आणि टीव्हीवर बास्केटबॉल लागलं की नवरा आधीच चहा टाकायला उठतो. रिचमंड सिरॅक्यूज सोडून गेला, बेहाइम निवृत्त झाला, माझी तक्रार मात्र अजून नोकरीत आहे. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. ज्यांना बास्केटबॉलशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचावं, कारण हा मुळात एका हट्टी माणसाचा किस्सा आहे आणि तशी माणसं आपल्याकडे घरोघरी असतात.

सिरॅक्यूज हे न्यूयॉर्क राज्यातलं मध्यम आकाराचं गाव. न्यूयॉर्क शहरातून गाडीने निघालं तर चार-साडेचार तास. नोव्हेंबरात बर्फ सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत गावाला दुसरा उद्योग नसतो. टेकडीवर विद्यापीठ, आणि विद्यापीठात ‘डोम’. तीस-पस्तीस हजार माणसं आत बसून बास्केटबॉल बघतात. खरं तर ते अमेरिकन फुटबॉलचं मैदान; मधोमध भलामोठा पडदा सोडायचा आणि एका बाजूला लाकडी कोर्ट अंथरायचं. एसी बनवणाऱ्या कॅरिअर कंपनीचं नाव चाळीसेक वर्षं त्या डोमला होतं आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं आत एसी नव्हता. इथे आल्यावर पहिला विनोद हाच ऐकवतात.

आणि जिम बेहाइम. जन्म १९४४, गाव लायन्स, इथून तासाभरावर. घरचा धंदा अंत्यविधीचा. १९६२ मध्ये तो सिरॅक्यूजला शिकायला आला, स्कॉलरशिप नसताना संघात घुसला, डेव्ह बिंगसारख्या खेळाडूच्या जोडीने खेळला. १९६९ मध्ये सहायक म्हणून परत आला, १९७६ मध्ये मुख्य कोच झाला आणि त्या खुर्चीवरून उठला थेट मार्च २०२३ मध्ये. सत्तेचाळीस हंगाम, एकच विद्यापीठ. (मी फोनवर त्याच्याबद्दल बोलायला लागले की नागपूरहून बाबा हमखास टोकतात, “अगं, माझ्याहून मोठा माणूस आहे तो, अरे-तुरे काय करतेस?” पण इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा त्याला जिम म्हणतो. लहानथोर सगळ्यांनी ज्याच्याशी आयुष्यभर भांडण केलं त्याला अहो-जाहो कसं करणार?)

मी २००९ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला इथे आले. नागपूरला कॉलेजच्या संघात होते. संघात म्हणजे बेंचवर. पहाटे सिमेंटच्या कोर्टवर सराव, कारण नंतर ऊन तळपायाला चटके द्यायचं, आणि सामन्याच्या दिवशी ट्रॅकसूट न काढताच घरी परत. आमच्या सरांच्या डोक्यात पाच मुली पक्क्या होत्या, दोन राखीव. उरलेल्या आम्ही टाळ्या वाजवायला. सरांबद्दल तक्रार नाही, आमचा संघ जिंकायचा. पण बेंचवरून खेळ वेगळा दिसतो. कधीतरी दोन मिनिटं आत जायला मिळतात, पहिलाच पास चुकतो आणि चेंडू कुठे गेला हे बघायच्या आधी मान आपोआप सरांकडे वळते. बदली खेळाडू उठून उभी राहिली आहे का, एवढंच त्या क्षणी बघायचं असतं. बेहाइमच्या बेंचवरच्या मुलांच्या माना डोममध्ये अगदी वरच्या रांगेतूनही मला तशाच वळताना दिसायच्या.

त्या पहिल्याच नोव्हेंबरात एक मजा झाली. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक प्रदर्शनी सामना होता, ल मॉइन कॉलेजविरुद्ध. ल मॉइन म्हणजे याच गावातलं, विद्यापीठापासून पाच-सहा किलोमीटरवरचं छोटं कॉलेज, तेव्हा खालच्या विभागात खेळणारं. ते सिरॅक्यूजला डोममध्ये येऊन ८२-७९ असं हरवून गेले. माझ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी सुतक होतं. त्या सामन्यात बेहाइम मॅन-टू-मॅन बचाव करून बघत होता, म्हणजे प्रत्येकाला एक गिऱ्हाईक ठरवून दिलेलं, त्याच्या मागे पळायचं. हरल्यावर म्हाताऱ्याने तो नाद सोडला. त्यापुढे झोन, झोन आणि झोन. त्या वर्षी संघ ३०-५ (तीस विजय, पाच पराभव) असा खेळला, मार्चमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि फेब्रुवारीअखेर व्हिलानोव्हाविरुद्धच्या सामन्याला डोममध्ये ३४,६१६ माणसं होती. त्यातली एक मी. सिरॅक्यूजची पहिली बास्केट पडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असा इथला रिवाज आहे. पहिली बास्केट लवकर पडली नाही तर हात सुजतात.

आता झोन म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. समोर दोन गार्ड, मागे तिघे: कडेला दोन फॉरवर्ड, मध्ये सेंटर. माणूस नाही राखायचा, जागा राखायची. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला की पाचही जणांनी एकदम सरकायचं. एकजण अर्धा सेकंद उशिरा सरकला की कोपऱ्यात कुणीतरी मोकळा उभा असतो आणि थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, पडतो. फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) घेतात त्या रेषेजवळची मधली जागा ही झोनची कायमची दुखरी नस. तिथे चेंडू पोचला की समोरच्या दोघांच्या पाठीमागे खेळ सुरू होतो. झोन सगळेच संघ कधीमधी लावतात. पण बेहाइमने त्यासाठी माणसंच तशी निवडायला सुरुवात केली: लांब हातांची, उंच, सडपातळ. समोरच्या दोन जागांवरसुद्धा साडेसहा फुटी मुलं. २०१३ मध्ये मायकेल कार्टर-विल्यम्स समोर उभा असायचा तेव्हा पास द्यायला फटच दिसायची नाही. त्या वर्षी मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत इंडियानाला ५० गुणांत आणि मार्केटला ३९ गुणांत गुंडाळलं होतं. एकोणचाळीस! शाळेच्या सामन्याचा स्कोअर वाटावा.

या झोनचा सराव सहा महिन्यांत अंगात उतरत नाही. दोन वर्षं जातात. आणि इथेच बेहाइमचा दुसरा हट्ट सुरू होतो.

कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा. कोर्टवर पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. क्रिकेटसारखं इथे नाही. कुणालाही, कितीही वेळा आत-बाहेर करता येतं, आणि बेहाइमच्या काळात स्कॉलरशिपवरची तेरा मुलं हाताशी असत. बरेच कोच नऊ-दहा जणांना ती मिनिटं वाटतात. बेहाइम सात जणांना वाटायचा. जानेवारी उजाडला की त्याची यादी पक्की, आणि आठव्या मुलाने ट्रॅकसूटची चेन वर ओढून घ्यावी हे बरं. २०१७-१८ मध्ये टायस बॅटल सरासरी ३९ मिनिटं खेळत होता. चाळीसपैकी एकोणचाळीस! आणखी दोघे त्याच्या जवळपास. त्या मार्चमध्ये मिशिगन स्टेटला ५५-५३ असं हरवलं, तेव्हा शेवटी गार्ड फाउलमध्ये बाद झाल्यावर एका स्कॉलरशिप नसलेल्या मुलाला आत पाठवायची वेळ आली होती. दुखापती आणि सोडून गेलेली मुलं हे कारण त्या वर्षी खरं होतं. पण तशी कारणं नसलेल्या वर्षीही यादी काही फार लांबत नसे.

लोक याला नुसता आडमुठेपणा म्हणायचे. मला तसं वाटत नाही. झोनमध्ये पळणं कमी, फाउल कमी. फाउल कमी म्हणून तेच पाच जण जास्त वेळ टिकतात. तेच पाच जण जास्त वेळ एकत्र खेळले म्हणून झोन एकसंध सरकतो. आणि बाहेर बसलेला मुलगा दोन वर्षं बघत, सरावात मार खात शिकतो, मग त्याची पाळी येते. झोन, छोटा बेंच आणि वाट बघणं, तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या कराव्यात तसं ते होतं. एकही काठी एकटी उभी राहिली नसती.

“म्हातारा नवीन मुलांना खेळवत नाही” हा गावातला आवडता आरोप, तो तर साफ खोटा. २००३ मध्ये विद्यापीठाचं एकमेव राष्ट्रीय विजेतेपद आलं ते कुणाच्या जिवावर? कार्मेलो अँथनी आणि जेरी मॅकनमारा, दोघेही पहिल्या वर्षाचे. अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मॅकनमाराने पहिल्या अर्ध्यातच सहा थ्री मारले. कार्मेलोने २० गुण आणि १० रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटवरून परत आलेले चेंडू पकडले. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या हकीम वॉरिकने कोपऱ्यातला तो थ्री हवेत अडवला आणि ८१-७८. मी तेव्हा नागपुरात शाळेत होते, मला याची गंधवार्ताही नव्हती, पण इथे राहून तो ब्लॉक इतक्या वेळा बघितलाय की मी तिथे होते असं आता वाटतं. तर नवखा असणं ही अडचण नव्हती. बेहाइमला विश्वास वाटायला हवा, एवढंच. आणि तो कशाने वाटतो हे मात्र तोच जाणे.

डिऑन वेटर्सचं बघा. पहिल्या वर्षी कोचशी वाजलं, बचावात आळस करतो म्हणून बाहेर. सोडून जाणार अशा बातम्या. गेला नाही. दुसऱ्या वर्षी परत आला, तरी सुरुवातीच्या पाचात नाही. कायम बेंचवरून उठून आत जायचा आणि सामना फिरवायचा. त्या वर्षी संघ ३४-३. आणि कॉलेजात एकाही सामन्यात सुरुवातीला न उतरलेला हा मुलगा २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, चौथा निवडला गेला. चौथा! आमच्या शेजारच्या आजोबांचा हा हुकमी पत्ता. मी रिचमंडचं नाव काढलं की ते वेटर्स टाकतात.

आजोबांबद्दल सांगायलाच हवं. सत्तरी ओलांडलेले, डोमच्या आधीच्या मॅनली फील्डहाऊसपासूनचे तिकीटधारक. हिवाळ्यात आमच्या दारासमोरचा बर्फ त्यांच्या यंत्राने काढून देतात आणि त्या बदल्यात चिवडा नेतात. त्यांना जिमची बाजू घ्यायची जन्माची सवय. फक्त एक गोष्ट सोडून. १९८७ चा अंतिम सामना, इंडियानाविरुद्ध. शेवटचं अर्धं मिनिट, एका गुणाची आघाडी, पहिल्या वर्षाचा डेरिक कोलमन फ्री थ्रोला उभा. बेहाइमने बाकी सगळ्यांना बचावासाठी मागे बोलावलं. रिबाउंडला कुणी नाही. कोलमनचा फ्री थ्रो हुकला, चेंडू फुकटात इंडियानाला, कीथ स्मार्टने कडेवरून उडी मारून टाकला, ७४-७३. आजोबा हे सांगताना अजून फावडं हवेत धरतात.

उलट बाजूचं माझं पहिलं उदाहरण २०१४ चं. पंचवीस सामने, पंचवीस विजय. टायलर एनिसने पिट्सबर्गला वेळ संपल्याच्या बझरवर निम्म्या कोर्टाच्या जवळून चेंडू फेकला आणि तो गेला. गाव वेडं झालं होतं. मग बॉस्टन कॉलेज या त्या वर्षीच्या रडतराऊ संघाकडून घरच्या मैदानात हार, आणि शेवटच्या नऊपैकी सहा सामने गेले. मधल्या एका सामन्यात, ड्यूकमध्ये, पंचांवर चिडून म्हातारा अंगातला कोट काढतोय असं चित्र अजून लोकांच्या फोनवर फिरतं. त्यांनी त्याला बाहेर काढलं. गाव तो कोट आठवून हसतं. मला आठवतात ते फेब्रुवारीतले पाय. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत यायला लागले होते. थकलेल्या पायांचा शॉट नेहमी आखूड पडतो, हे आमच्या सरांचंच वाक्य. आठव्या-नवव्या मुलाला डिसेंबरच्या सोप्या सामन्यांत दहा-दहा मिनिटं दिली असती तर? आजोबा म्हणतात, तर पंचवीस जिंकले नसते. यावर उत्तर नाही. म्हणूनच वाद टिकलाय.

पण २०२०-२१. इथे माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी कुणापुढेही सोडणार नाही.

त्या वर्षी झोनच्या समोरच्या दोन जागांवर सुरुवातीला कोण? जो जिरार्ड आणि बडी बेहाइम. बडी म्हणजे कोचचा मुलगा. जिरार्ड सहा फूट एक इंच, हात बेताचे. बडीला उंची होती, पण पाय जड. दोघेही सुंदर शूटर. आणि बेंचवर केडरी रिचमंड: ब्रुकलिनचा, पहिल्या वर्षाचा, साडेसहा फुटाच्या आसपास, हात गुडघ्याला टेकतील असे. झोनच्या समोरच्या जागेसाठी बेहाइमने आयुष्यभर जसा मुलगा शोधला तसा हुबेहूब. चेंडूवर नुसता हात ठेवून काढून घ्यायचा. फक्त लांबून शॉट मारायला कचरायचा.

म्हणजे झालं काय, तर म्हाताऱ्याचे दोन हट्ट एकमेकांसमोर उभे राहिले. झोन सोडायचा नाही, हा एक. शूटरला काढायचं नाही, हा दुसरा. जॉन वॉलेसपासून मॅकनमारापर्यंत त्याने ज्यांच्यावर जीव टाकला ते सगळे गुण मिळवणारे. झोन खरा करायचा तर रिचमंड हवा. गुण हवे तर जिरार्ड-बडी. मॅन-टू-मॅन खेळणाऱ्या कोचला निदान सामन्यागणिक बदल करता आला असता. इथे समोरच्या फटीतून चेंडू सरळ आत जातोय, मधली जागा उघडी, मागचा सेंटर एकटा दोन-दोन जणांना तोंड देतोय, आणि झोन तोच, माणसंही तीच. रिचमंडला मिळाली सरासरी वीस-एकवीस मिनिटं. कागदावर ठीक दिसतात. पण तो आत आला की सामन्याचा रंग बदलायचा, आणि रंग बदलला की थोड्या वेळाने तो बाहेर. पत्रकारांनी विचारलं की बेहाइमचा सूर ठरलेला: सराव रोज मी बघतो, तुम्ही नाही. बरोबरच आहे. पण सामने आम्ही दोघेही बघत होतो!

मागचा सेंटर कोण होता ते सांगायचं राहिलं. मूळचा सेंटर पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन गेला. मग मारेक डोलेझाय, स्लोव्हाकियाचा, उंच पण काटकुळा, मुळात फॉरवर्ड. तो बिचारा दर सामन्यात शंभर-सव्वाशे किलोच्या गड्यांच्या अंगावर पडून फाउल मिळवायचा. आणि बेंचवर खराखुरा सेंटर बसलेला: जेसी एडवर्ड्स, ॲमस्टरडॅमचा, सहा फूट अकरा इंच, दुसऱ्या वर्षाचा. बराचसा हंगाम त्याला मिळायची ती दोन-चार मिनिटं. चेंडू हातातून निसटला की मान कोचकडे. ती मान मी ओळखते. डोममध्ये त्या वर्षी करोनामुळे प्रेक्षक नव्हते, टीव्हीवर बुटांची करकर ऐकू यायची, आणि म्हाताऱ्याचं ओरडणंही.

आता गंमत. मार्चमध्ये संघ जेमतेम स्पर्धेत शिरला, अकराव्या मानांकनावर. आणि बडीने सॅन दिएगो स्टेटला ३० गुण ठोकले, वेस्ट व्हर्जिनियाला २५. शेवटच्या सोळात! आजोबांनी चिवड्याचा डबा परत करताना आत चिठ्ठी ठेवली होती, फक्त ‘३०’ लिहिलेली. मग ह्यूस्टन आलं. त्यांनी बडीला श्वास घेऊ दिला नाही, तेरापैकी तीन शॉट, ६२-४६, खेळ संपला. मी चिठ्ठी पाठवली नाही. बडी म्हणजे त्यांच्या नातवाच्या वयाचं पोर, काय पाठवायचं.

काही आठवड्यांत रिचमंड सीटन हॉलला निघून गेला. आणि इथेच तिसरी काठी निसटली, ती कुणा एकाच्या हट्टामुळे नाही. पूर्वी एका विद्यापीठातून दुसरीकडे गेलं की एक वर्ष सामना न खेळता बसावं लागायचं. मी आले त्या वर्षीचा वेस्ली जॉन्सन तसाच, आयोवा स्टेटहून येऊन वर्षभर नुसता सराव करत बसला, मग उतरला तेव्हा बिग ईस्टचा, म्हणजे सिरॅक्यूज तेव्हा खेळायचं त्या विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. बसायची भीती म्हणून मुलं सहसा हलत नसत आणि बेहाइमची वाट बघायला लावण्याची पद्धत चालून जायची. एप्रिल २०२१ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, तो नियम बदलला: पहिल्या बदलीला बसायची गरज नाही. त्यापाठोपाठ जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा. आता आठव्या मुलाने दोन वर्षं ट्रॅकसूटमध्ये का काढावीत? वेटर्स आजच्या काळात पहिल्या वर्षानंतर परत आला असता? आजोबांना हा प्रश्न विचारला तेव्हा ते बराच वेळ यंत्राच्या दोरीशी खेळत बसले. मग म्हणाले, “त्याची आई त्याला परत घेऊन आली असती.” मी वाद घातला नाही.

एडवर्ड्स मात्र थांबला. २०२१-२२ मध्ये तो सेंटर म्हणून उभा राहिला आणि डोळ्यांवर विश्वास बसेना: शॉट अडवतोय, रिबाउंड ओढतोय, हुक टाकतोय. फेब्रुवारीत मनगट मोडलं. त्याच्याशिवाय झोनला मागे भिंतच उरली नाही. बडी त्या वर्षी सगळ्या एसीसीत, म्हणजे सिरॅक्यूजच्या नव्या गटात, सर्वाधिक गुण करत होता, थोरला मुलगा जिमी कॉर्नेलहून येऊन संघात खेळत होता, बाप दोन्ही मुलांना घेऊन उतरत होता, आणि हंगाम १६-१७ असा संपला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विजयांपेक्षा पराभव जास्त. गावात मुलांवरून जे बोललं गेलं ते इथे लिहित नाही. बडी पंचवीसेक शूटरमध्ये उठून दिसावा असा शूटर होता, तो बापामुळे खेळत नव्हता. पण त्याच्या शेजारी कोण उभा करायचा, एवढं बापाला दिसायला हवं होतं.

पुढच्या वर्षी एडवर्ड्स सरासरी १४.५ गुण आणि १०.३ रिबाउंड घेत होता. मग त्याला घडवलं कुणी? आजोबा म्हणतात, जिमने. दोन वर्षं बसवलं म्हणून तो पिकला. मी म्हणते, बसवूनही पिकला. सरावात त्याला रोज कोण काय शिकवत होतं हे आम्हा दोघांपैकी कुणी बघितलेलं नाही. तो एकच मुद्दा आहे जिथे मी थोडी मऊ पडते, कारण मलाही आमच्या सरांनी एक गोष्ट शिकवली ती सामन्यात नाही, सरावातच: शॉट मारून झाला की हात तसाच वर ठेवायचा. माझ्या मुलीला अंगणातल्या रिंगसमोर मी तेच ओरडत असते.

८ मार्च २०२३. ग्रीन्सबरोला वेक फॉरेस्टने बझरवर थ्री मारला, ७७-७४. सामन्यानंतर बेहाइम काहीतरी कोड्यात बोलला, आणि काही तासांतच विद्यापीठाने नवा कोच म्हणून त्याचा सहायक एड्रियन ऑट्रीचं नाव जाहीर केलं. विद्यापीठाच्या भिंतीवर १,११६ विजय. एनसीएएच्या वहीत १,०१५, कारण २०१५ च्या चौकशीत त्यांनी १०१ खोडले. गावात १,०१५ म्हणणाऱ्याला कॉफी मिळत नाही. ऑट्रीने आल्या आल्या मॅन-टू-मॅन लावलं. पहिल्या वर्षी वीस विजय, दुसऱ्या वर्षी १४-१९. डोममध्ये माझ्या मागे बसलेला एक जण दुसऱ्या हंगामात सारखा “झोन लाव रे” म्हणून ओरडत होता. हाच माणूस दोन-तीन वर्षांपूर्वी “झोन सोड रे” ओरडायचा, मी आवाज ओळखते.

आणि ती मुलं? एडवर्ड्स २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाला गेला. जिरार्ड शेवटच्या वर्षासाठी क्लेमसनला गेला आणि २०२४ मध्ये तो संघ शेवटच्या आठात पोचला. तिथे त्याला झोनच्या समोर उभं राहायचं नव्हतं, नुसते शॉट मारायचे होते, आणि तो छान खेळला. रिचमंड सीटन हॉलमध्ये तीन वर्षं चमकला, मग शेवटच्या हंगामात सेंट जॉन्सला गेला. तिथे कोच रिक पिटिनो. हा तोच पिटिनो, ज्याला बेहाइमने १९७६ मध्ये स्वतः कोच झाल्याबरोबर पहिला सहायक म्हणून घेतलं. पिटिनोच्या लग्नाच्या रात्री हॉटेलात जाऊन त्याला गळ घातली होती. नवरी वर खोलीत, हे दोघे खाली बास्केटबॉलवर बोलत.

२०२५ मध्ये सेंट जॉन्सने बिग ईस्ट जिंकली. रिचमंड सुरुवातीच्या पाचात. मी त्या हिवाळ्यात आजोबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. मग मार्चमध्ये आर्कन्सॉविरुद्ध सामना अटीतटीला आला, आणि पिटिनोने आपला सर्वोत्तम खेळाडू, बिग ईस्टमध्ये त्या वर्षी सर्वोत्तम ठरलेला आरजे लुइस, शॉट पडत नव्हते म्हणून शेवटची जवळपास पाच मिनिटं बेंचवर बसवून ठेवला. संघ ७५-६६ हरला. बझर वाजायच्या आत माझा फोन वाजला.

“पाहिलंस?” आजोबा म्हणाले. “जिमने त्याला आत ठेवला असता.”

ठेवलाच असता. सतरापैकी तीन शॉट पडले होते लुइसचे, तरी म्हाताऱ्याने ठेवला असता, आणि रिचमंडला बाहेर काढलं असतं.